एक शिक्षा, दोन कथा

पाचोडच्या शाळेत आम्ही दोन गोष्टी ऐकत वाढलो. पहिली रामशास्त्री प्रभुण्यांची. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि शास्त्रीबुवांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. दुसरी आमच्या तालुक्याच्या गावाशी, पैठणशी जोडलेली. परंपरा सांगते की, संन्यास सोडून संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांना आळंदीच्या ब्रह्मवृंदाने तेच प्रायश्चित्त दिले. त्यांची पोरकी मुले पुढे शुद्धिपत्रासाठी पैठणला आली.

शब्द एकच. तरी पहिली कथा ऐकताना आपण ताठ बसतो, दुसरीत डोळे पुसतो. माझ्या मते रामशास्त्र्यांचे मोठेपण शिक्षेच्या कठोरपणात नाहीच. (ती कधी अमलात आली नाही, हे आपण सोयीने विसरतो.) समोर सत्ताधारी असूनही त्यांनी सवलत दिली नाही, हे खरे मोठेपण. आळंदीत मात्र समोर निराधार कुटुंब होते आणि निवाडा माणूस न पाहता पोथी पाहून झाला.

१९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘मिठू विरुद्ध पंजाब राज्य’ खटल्यात दंड संहितेचे कलम ३०३ रद्द केले. जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला तर फाशीच, न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नाही, असे ते कलम. परिस्थिती न पाहता दिलेली फाशी न्याय्य नाही, हा सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांचा मुद्दा विठ्ठलपंतांच्या कथेला लावून वाचला की मन भरून येते. रामशास्त्र्यांच्या कथेला लावताना मी अडखळतो. परिस्थिती पाहा, असे राघोबादादाही म्हणाले असते, आणि त्यांच्या बाजूने बोलणारे पुण्यात कमी नव्हते.