माझ्याच्यानं नाय होणार

मागच्या जानेवारीत धाटावला कबड्डीचे सामने होते आणि माझा मावसभाऊ त्यात खेळत होता. आमच्याकडे भातझोडणी उरकली की सामन्यांचा हंगाम सुरू होतो. चार खांबांवर हॅलोजन, माईकवर कुणीतरी देणगीदारांची नावं वाचतोय, कडेला वडापावची गाडी, आणि वारा फिरला की एमआयडीसीकडून येणारा तो वास, जो बाहेरच्यांनाच जाणवतो. उपांत्य सामना बरोबरीत सुटला आणि पाच-पाच चढायांवर गेला. हा प्रकार माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो: दोन्ही संघांनी आपले पाच चढाईपटू क्रमानं आधी लिहून द्यायचे, मग आलटूनपालटून एकेकानं एकच चढाई करायची. भाऊ मूळचा डावा कोपरारक्षक, पण त्याचं नाव पाचवं लागलं. तो गेला, दुसऱ्याच पावलाला अडखळला आणि पकड झाली. एका गुणानं सामना गेला.

नावं लिहिली जात होती तेव्हा मी राखीव खेळाडूंच्या मागे उभा होतो. भाऊ संघनायकाला म्हणाला, "दादा, माझ्याच्यानं नाय होणार." संघनायक म्हणाला, "गप. जा तू."

मी सॉफ्टवेअरवाला. पुण्यात नोकरी करतो. कंपनीत एकदा मनःस्वास्थ्याचं सत्र झालं होतं, त्यात मिळालेली एक पीडीएफ मी दुसऱ्या दिवशी त्याला पाठवली. तिचं शीर्षक होतं 'खेळाडूसारखा विचार करा'. त्यात 'स्वसंवाद' नावाचं प्रकरण होतं: मनात येणारी नकारात्मक वाक्यं ओळखा, त्यांच्यावर काट मारा, त्या जागी 'मी करू शकतो' असं म्हणा. भावानं अंगठ्याचं चित्र पाठवलं. विषय संपला.

माझ्यापुरता तो संपला नाही. ही पीडीएफ कुठून आली हे शोधायला लागलो आणि त्यात वर्ष गेलं. हा लेख म्हणजे त्या पीडीएफवरची टीका आहे, आणि थोडी ती पाठवणाऱ्यावरचीही.

क्रीडामानसशास्त्राची वंशावळ साधारण अशी सांगितली जाते. १८९८ साली नॉर्मन ट्रिप्लेट यांनी अमेरिकेत दाखवलं की सायकलस्वार एकटा असण्यापेक्षा सोबत कुणी असताना जोरात जातो. १९२५ साली कोलमन ग्रिफिथ यांनी इलिनॉय विद्यापीठात या विषयाची प्रयोगशाळा काढली. १९६५ साली रोममध्ये आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. गंमत अशी की पहिला प्रश्न 'सोबत कुणी असलं तर काय होतं' असा होता. पुढे मात्र हे शास्त्र बरंचसं एकेका खेळाडूच्या डोक्यात शिरलं: त्याचा आत्मविश्वास, त्याची एकाग्रता, त्याचं स्वतःशी बोलणं. १९९० मध्ये जोन डूडा आणि मारिया ॲलिसन यांनी या विषयात संस्कृतीच्या जागी पोकळी आहे असं स्पष्ट लिहिलं, तोवर ती फारशी कुणाला खुपली नव्हती.

त्यानंतर जे प्रयोग झाले त्यातले दोन मला विशेष वाटतात. स्टीव्हन हाइने आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये उत्तर अमेरिकी आणि जपानी विद्यार्थ्यांना एक काम दिलं आणि काहींना 'तुम्हाला जमलं नाही' असं सांगितलं. उत्तर अमेरिकी विद्यार्थी जे जमलं त्यात जास्त वेळ रमले, जपानी विद्यार्थी जे जमलं नाही त्याला चिकटून राहिले. दुसरा प्रयोग पीटर्स आणि विल्यम्स यांचा, २००६ चा, बाण फेकण्याच्या खेळावरचा. युरोपीय वंशाच्या अमेरिकी विद्यार्थ्यांत नकारात्मक स्वसंवाद आणि वाईट कामगिरी यांची जोडी दिसली. पूर्व आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांत तोच नकारात्मक स्वसंवाद जास्त होता, आणि त्याची जोडी उलट चांगल्या कामगिरीशी होती.

हे वाचून मला हर्षच झाला. म्हणजे पीडीएफ आमच्यासाठी नव्हतीच! आमच्या धंद्यात बटणांवरचे शब्द मराठीत आणले म्हणजे काम झालं असं समजणारे असतात. तारीख कशी लिहायची, नाव-आडनाव कुठल्या क्रमानं घ्यायचं, हे आतलं सगळं परकंच राहतं. पीडीएफचं तसंच झालंय, असं मी मित्रांना सांगत सुटलो. आपण समूहवादी, ते व्यक्तिवादी. आपल्याकडे 'नाही जमणार' म्हणणं हा विनय असतो.

आता वाटतं, ही दुसरी चूक होती, आणि पहिलीपेक्षा मोठी. अमेरिकेतल्या विद्यापीठातला कोरियन किंवा चिनी वंशाचा विद्यार्थी आणि रोहे तालुक्यातला कोपरारक्षक यांना 'आशियाई' या एका पोत्यात भरायला मला काहीच आधार नव्हता. शिवाय संस्कृतीचं कारण पुढे केलं की माणसं तपासायची राहूनच जातात. ग्रेग चॅपल २००५ ते २००७ भारतीय क्रिकेट संघाचे प्रशिक्षक होते. २०१२ मध्ये त्यांनी म्हटलं की भारतीय संस्कृती वेगळी आहे, तिथे लहानपणापासून आईवडील, शिक्षक, प्रशिक्षक निर्णय घेतात, म्हणून नेतृत्व तयार होत नाही. आपल्याकडे लोक चिडले. पण आपणही हरल्यावर 'आपल्यात किलर इन्स्टिंक्ट नाही' म्हणतो, ते याहून वेगळं कुठे आहे?

अशा विधानांना माझ्याकडे एकच उत्तर आहे आणि ते कबड्डीतलं आहे. १९९० ते २०१४ अशा सलग सात आशियाई स्पर्धांत पुरुष कबड्डीचं सुवर्ण भारताचं होतं. २०१८ ला जाकार्तात उपांत्य सामन्यात इराणनं आपल्याला २७-१८ असं हरवलं. दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यात इराणनंच २७-२४ असं हरवलं. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर त्या रात्री 'अतिआत्मविश्वास' हा शब्द फिरत होता. आता मजा बघा. त्या इराणी महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्यांनी सरावात योगासनं आणि प्राणायाम आणले, मुलींशी बोलता यावं म्हणून फारसी शिकायला घेतली. चार वर्षांपूर्वी, इंचॉनच्या अंतिम सामन्यात, याच इराणला भारतानं ३१-२१ असं हरवलं होतं. चार वर्षांत कुठल्या देशाची संस्कृती बदलत नाही. मुलींना कोण काय शिकवतं, त्यांचं कोण ऐकतं, त्या कुणाला काय सांगू शकतात, हे मात्र बदलू शकतं.

संस्कृती खेळाडूच्या स्वभावात शोधण्यापेक्षा या बोलण्याऐकण्याच्या व्यवस्थेत शोधावी, असं मला वाटतं. कबड्डीत तर ती उघड्यावरच असते. चढाईपटूनं मध्यरेषा ओलांडण्याआधी 'कबड्डी' सुरू करायचं आणि एका दमात, पंचांना ऐकू येईल असं म्हणत राहायचं. स्वसंवादाच्या पुस्तकात खेळाडू मनात काय म्हणतो याची चर्चा असते. इथे तो जे म्हणतो ते पंच, विरोधी संघ, गाव, सगळे ऐकतात. त्याचा आवाज बारीक झाला की साखळी पुढे सरकते. आणि 'दम' हा शब्दच पाहा. दम लागतो, दम धरतो, दम खातो, एखाद्यात दम असतो, आणि कुणीतरी कुणाला दम देतो. 'मानसिक कणखरपणा' मोजणारी अठ्ठेचाळीस प्रश्नांची एक प्रसिद्ध प्रश्नावली आहे. तिच्यात निर्धार, आत्मविश्वास वगैरे चार खणांत माणूस मोजतात. दम देणारा दुसरा माणूस तिच्या कुठल्या खणात बसणार?

या दिवाळीत भाऊ भेटला तेव्हा मी शेवटी विचारायला हवं होतं ते विचारलं. त्या रात्री काय झालं होतं?

तो एका कारखान्यात कंत्राटावर आहे. आदल्या रात्रीची पाळी करून, चार तास झोपून तो मैदानात आला होता. दुसऱ्या सत्रात पकड करताना घोटा मुरगळला होता. बर्फ लावून उभा राहिला, पण त्या पायावर वळता येत नव्हतं. "पकडीला उभा राहिलो असतो रे," तो म्हणाला, "पण चढाईला पाय पायजे ना. म्हणून सांगितलं, दुसऱ्याला पाठव." मग थांबून म्हणाला, "त्यांना वाटलं घाबरलो."

मलाही तेच वाटलं होतं. मी तीन फुटांवर उभा होतो.

घाबरला नव्हता का? तेही विचारलं. घाबरला होता म्हणाला. राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी वरच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात, त्यासाठी जिल्हा संघात निवड लागते, आणि गावच्या सामन्यांत कोण चमकतो यावर निवड करणाऱ्यांचा डोळा असतो. तो सव्वीसचा आहे. एक चढाई चुकली तर एक वर्ष जातं, हा त्याचा हिशोब होता. पीडीएफमध्ये अशा विचाराला 'अतिरंजित नकारात्मक विचार' म्हटलंय. मला त्यात अतिरंजित काही सापडलं नाही.

स्वसंवादाचं तंत्र टाकाऊ आहे असं मला म्हणायचं नाही. पाय धड असलेल्या आणि उगाच कच खाणाऱ्या पोराला त्याचा उपयोग होतही असेल. पण भाऊ स्वतःशी बोलत नव्हता. तो दादाशी बोलत होता. ती माहिती होती, आणि ती ज्याला दिली त्यानं 'गप' म्हटलं, जो ऐकत होता त्यानं पीडीएफ पाठवली. दोघांनीही तिचं उत्तर त्याच्याच डोक्यात ढकललं. चॅपलना जे दिसलं ते काही अंशी खरं असेलही, आमच्याकडे दादाला उलट बोलता येत नाही. पण दोष बोलणाऱ्यात नव्हता. तो बोललाच होता.

मंडळाच्या बैठकीत मी एक सुचवलंय: पाच नावं लिहिण्याआधी प्रत्येकाला विचारायचं, पाय कसा आहे, झोप झालीय का, आणि 'नाही' म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. संघनायक हसला. म्हणाला, "मग पाच मिळणारच नायत." पण पुढच्या हंगामाला बघू म्हणाला. भाऊ कोपऱ्यात बसला होता. तो काहीच बोलला नाही.