अर्ध्या सेकंदातली नजर

पडद्याच्या मधोमध एक फुली. ती जाते आणि दोन शब्द उमटतात, एक वर, एक खाली. अर्ध्या सेकंदात दोन्ही पुसले जातात आणि त्यांतल्या एकाच्या जागी बारीक ठिपका येतो. तो दिसला की बटण दाबायचं. कॉलिन मॅक्लाउड, अँड्र्यू मॅथ्यूज आणि फिलिप टाटा यांनी १९८६ मध्ये मांडलेली चाचणी एवढीच आहे, आणि एखाद्या नेमक्या ओवीसारखी ती मला पुन्हापुन्हा वाचावीशी वाटते.

ती काही विचारत नाही. ‘जाड होण्याची भीती वाटते का?’ असं विचारलं की ॲनोरेक्सिया, म्हणजे जेवण टाळत जाण्याचा आजार, झालेली मुलगी उत्तर सावरून घेते. घरात रोज तेच करते. इथे सावरायला वेळच नाही. नजर आधीच गेलेली असते तिथे ठिपका आला तर बोट लवकर पडतं, दुसरीकडे आला तर काही मिलिसेकंद उशीर होतो. चाचणी मूळची चिंतेच्या रुग्णांसाठी. २००७ मध्ये रोझ शाफ्रान आणि सहकाऱ्यांनी तीत खाणं, शरीराचा आकार आणि वजन यांची चित्रं आणली. खाण्याचा विकार असलेल्या स्त्रियांची नजर धास्तीच्या खाण्याकडे ओढली गेलीच. वजनाशी निगडित अगदी साध्या चित्रांकडेही गेली. मला हे दुसरं जास्त हलवून जातं.

पण या रचनेचा प्राण जोडीत आहे: एक चित्र खाण्याचं, दुसरं निर्विकार. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरकडे संत्रं कोणत्या बाजूला ठेवायचं? बगीचेवाल्याच्या मुलीला त्यात आधी आंबिया बहार दिसेल, मंडीतला भाव दिसेल, फोड नंतर. साबुदाण्याची उसळ खाणं म्हणायची की उपास? उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींना खाण्याविषयीची कॅनडात तयार झालेली प्रश्नावली दिली तेव्हा मायकेल किंग आणि दिनेश भुग्रा यांना १९८९ मध्ये हाच पेच दिसला होता. उपासाच्या सवयीने काही उत्तरांचा अर्थच बदलला. १९९५ मध्ये खंडेलवाल आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेल्या भारतीय तरुणी जेवण टाकत होत्या, वजन घटत होतं, पण आपण जाड दिसतो ही भावना त्यांच्यात नव्हती. अशा मुलीपुढे लठ्ठ देहाचं चित्र ठेवलं तर चाचणी गप्प राहील आणि मुलगी उपाशीच राहील.

शब्द वापरावेत, तर घरी मराठी आणि शाळेत हिंदी असलेल्या मुलीचा वाचण्याचा वेगच मोजला जाण्याचा धोका. म्हणून चित्रंच हवीत, आणि ती सौंसरच्या मुलींना विचारून निवडलेली. एकटीचा आकडा पाहून निदान मात्र कुणी करू नये: गटाची सरासरी काही सांगते, पण त्याच व्यक्तीचा आकडा दुसऱ्यांदा तसाच येत नाही, हे श्मुक्ले यांनी २००५ मध्ये दाखवलं आहे. तिच्याशी बोलायला माणूसच बसायला हवा.