हार्डवेअर वॉलेटच्या रिव्ह्यूंमध्ये नसलेला प्रश्न

देहूची आख्यायिका तुम्हाला माहीत असेलच. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली आणि कुळं मोकळी झाली. कागद गेला की येणं गेलं. क्रिप्टोचंही तसंच आहे, फक्त इथे कागदाच्या जागी गुप्त चावी, म्हणजे प्रायव्हेट की. हार्डवेअर वॉलेटमध्ये नाणी नसतातच. त्यांची नोंद ब्लॉकचेनवर असते. ही पेनड्राइव्हएवढी वस्तू चावी सांभाळते आणि ती बाहेर न सोडता व्यवहारावर सही करते.

आता 'कोणतं घ्यावं' छापाचे रिव्ह्यू बघा. लेजर की ट्रेझर, ब्लूटूथ आहे का, किती कॉइन चालतात. तक्ते छान असतात, पण मुख्य प्रश्न राहूनच जातो: तुम्हाला धोका कुणाकडून आहे?

वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजमधून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलर गेले. कंपनीच्याच सांगण्यानुसार सही करणाऱ्या त्यांच्या तिघांकडे लेजरची वॉलेट होती. संगणकावर एक व्यवहार दिसला, सही झाली भलत्यावरच. म्हणजे चावी सुरक्षित राहूनही पैसे जाऊ शकतात. म्हणून आधी हे तपासा: वॉलेटच्या स्वतःच्या पडद्यावर रक्कम आणि पत्ता नीट वाचता येतो का? नुसती अगम्य अक्षरं दिसत असतील तर ती कोऱ्या चेकवरची सही झाली.

चिप बिनमहत्त्वाची आहे असं नाही. ट्रेझर हाती लागलं तर सुमारे १५ मिनिटांत त्यातलं गुपित काढता येतं, हे क्रॅकेनच्या संशोधकांनी जानेवारी २०२० मध्ये दाखवलं. त्यावर त्यांचा उपाय साधा होता: वेगळा पासफ्रेज ठेवा, तो यंत्रात साठतच नाही.

पण माणसालाच धरलं तर? २०२२ मध्ये आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये बिटकॉइनसाठी एका ट्रेडरचं अपहरण केल्याच्या आरोपावरून एका पोलीस कर्मचाऱ्यालाही अटक झाली. इथे कुठलीच चिप कामाची नाही. आपल्याकडे काय आहे हे चारचौघांत न बोलणं, हीच पहिली सुरक्षा. लेजरच्या लाखो ग्राहकांची नावं-पत्ते २०२० मध्ये फुटले होते, हेही विसरू नका.

माझं मत विचाराल तर ब्रँड शेवटी ठरवा. वॉलेट कंपनीकडूनच घ्या. सोबत २४ शब्द आधीच लिहून आलेले असतील तर वापरू नका. ते शब्द यंत्राने तुमच्यासमोर तयार करायला हवेत. कागदावर लिहा, फोटो काढू नका, आणि तो कागद कुठे आहे हे घरातल्या एका विश्वासू माणसाला माहीत असू द्या. नाहीतर तुमच्या पश्चात ते येणंही बुडालंच समजा.