त्यांच्या पश्चात

यवतमाळला आमच्या घरी पेपर उघडतो तो जिल्ह्याच्या पुरवणीपासून. पहिलं पान नंतर. ‘थांब, कोन गेलं ते पाहू दे,’ म्हणत आई ‘निधन वार्ता’ वाचते आणि मग मला पुण्याला फोन करून सांगते: आर्णीचे ते गुरुजी, दिग्रसचे ते कापडवाले.

या मजकुराकडे लेखन म्हणून कोणी पाहत नाही. पण आमच्याकडे बहुतेक माणसांचं छापील चरित्र एवढंच असतं, चाळीसेक शब्दांचं. ‘येथील रहिवासी’, ‘वृद्धापकाळाने’ किंवा ‘अल्पशा आजाराने’, मृत्युसमयीचं वय, मग ‘त्यांच्या पश्चात’ आणि शेवटी ‘असा मोठा आप्तपरिवार आहे’. ‘अल्पशा’ आजारात दोन वर्षं नागपूरला मारलेल्या खेपाही मावतात. हा संकोच मला आवडतो. खटकतं ते दुसरंच. पुरुष गेला तर तो सेवानिवृत्त कोणीतरी असतो. बाई गेली तर ती कोणाची तरी मातोश्री.

आजी गेली तेव्हा बातमी मीच लिहून पाठवली होती. त्यात एक वाक्य होतं: कापसाच्या पहिल्या वेचणीआधी सीतादही करायला गावातले लोक तिला आपापल्या शेतात बोलावत. छापून आलं तेव्हा ते वाक्य नव्हतं. जागा नसते, मान्य. पण नातवंडं-पतवंडं सगळी राहिली होती.

याच पुरवणीत मरणाची दुसरी बातमी असते, वेगळ्या पानावर, वेगळ्या भाषेत. ‘नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून’ शेतकऱ्याने विष घेतलं. कंटाळून! रोज तीच भाजी खाऊन माणूस कंटाळतो. पुढे वय, शेती किती एकर, कर्ज कुठलं, कोणत्या दवाखान्यात नेलं. हा तपशील आपसूक आलेला वाटत नाही. २००६ पासून सरकार अशा मृत्यूनंतर एक लाखाची मदत देतं, ३० हजार रोख आणि ७० हजार ठेव म्हणून. त्यासाठी सात-बारा स्वतःच्या किंवा घरच्यांच्या नावे हवा, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, आणि वसुलीचा तगादा हवा. जमलं तर ‘पात्र’, नाही तर ‘अपात्र’. बातमी नेमके हेच रकाने भरत जाते. मी दिवसभर डेटाबेस हाताळतो. फॉर्म लगेच ओळखू येतो. वार्ताहर कदाचित त्या घराचं भलंच पाहत असेल. पण अशा बातम्या लहानपणापासून वाचूनही त्यातला एक माणूस मला ओळखीचा झालेला नाही. निधन वार्तेत कारण झाकलेलं आणि नाती भरगच्च. इथे कारण उघडं आणि माणूस गायब. दोन्हीकडे ‘पश्चात’ मात्र आहे.

महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी मालती आणि चार मुलांसह जीवन संपवलं. जाहीर चर्चा झालेली ही पहिली शेतकरी आत्महत्या मानतात. त्या तारखेला आता लोक अन्नत्याग करतात. करपे गावचे सरपंच होते आणि त्यांना गाण्याचा नाद होता. एवढं आपल्याला ठाऊक आहे, कारण त्यांच्याबद्दल पुन्हा पुन्हा लिहिलं गेलं. नंतरच्यांतही कोणी गाणारे असतीलच.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वं साहित्य संमेलन झालं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यावर उद्घाटन केलं ते राजूरच्या वैशाली येडे यांनी. बातमीत ‘पश्चात पत्नी’ एवढीच उरणारी बाई माईकसमोर उभी राहून बोलली. ‘तेरवं’ या नाटकातही त्या होत्या. नाव तेराव्या दिवसाचं. बातमी संपते तिथून ते नाटक सुरू होतं. यवतमाळच्या मरणांवरचं इतकं नेमकं लेखन पुरवणीत मला सापडलेलं नाही.

आता थोडं स्वतःबद्दल. आजीच्या वर्षश्राद्धाला आम्ही फोटोसह ‘प्रथम पुण्यस्मरण’ दिलं. जागा विकत घेतलेली, काय लिहायचं ते आमच्या हातात. मजकूर मीच जुळवला. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली ‘शोकाकुल’. काकांची, आत्यांची, जावयांची नावं. मग एका चुलत भावाचं राहिलं म्हणून फोन आला, तेही बसवलं. फोटो थोडा लहान केला. सीतादह्याची ओळ या वेळी मीच काढली.