जेत्याचे खलिते आणि गाविलगड

जेत्याचे चरित्र बहुतांशी त्याच्याच लेखणीतून सिद्ध होते. मेक्सिको जिंकणाऱ्या हर्नान कोर्तेसने १५१९ ते १५२६ या काळात सम्राट पाचव्या चार्ल्सला पाठविलेली पत्रे याची साक्ष देतात. वऱ्हाडाच्या संदर्भात आर्थर वेलस्लीचे उदाहरण असेच आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगावची लढाई आणि १५ डिसेंबर रोजी गाविलगडाचा पाडाव यांची वर्णने प्रामुख्याने त्याच्या खलित्यांवर आधारलेली आहेत. गरवूडने १८३४ पासून संपादित केलेल्या या खलित्यांत स्थळ, काळ व सैन्याच्या हालचाली यांची नेमकी नोंद आढळते. तथापि त्यांतील दृष्टी तटाबाहेरची आहे. गड लढविताना पडलेल्या बेनीसिंहाची बाजू त्यांतून उमगत नाही. मेक्सिकोच्या पराभवाची नाहुआ लोकांनी सांगितलेली हकिगत सहागुनच्या ग्रंथात त्यांच्याच भाषेत नोंदली गेली. म्हणूनच कोर्तेसच्या पत्रांची उलटतपासणी शक्य झाली. गाविलगडाच्या अभ्यासकानेही हाच निकष लावणे अगत्याचे आहे. वेलस्लीचे सेनानीपण मान्य करूनही त्याचा खलिता हा वऱ्हाडचा इतिहास नव्हे, इतिहासाचे एक साधन होय.