हेलन केलर, मार्क ट्वेन आणि उसने शब्द

(कोथरूड येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय मी शेजाऱ्यांना सांगितला तेव्हा ते लगेच म्हणाले, "वा! म्हणजे जिद्दीची गोष्ट." हेलन केलर म्हटलं की आपल्याला तेवढंच आठवतं. पाण्याचा पंप, एका हातावर पडणारी धार आणि दुसऱ्या हातावर अ‍ॅन सलिव्हन बाईंनी बोटांनी केलेली अक्षरं. प्रसंग ५ एप्रिल १८८७ चा. ज्यांनी तो कुठे वाचला नसेल त्यांनी निदान २००५ सालचा 'ब्लॅक' पाहिलेला असतो. पण बघा, तेव्हा ती मुलगी सात वर्षांचीही नव्हती. पुढे एक्क्याऐंशी वर्षं ती जगली. पुस्तकं लिहिली, भाषणं केली, १९५५ मध्ये भारतात येऊन गेली. नेहरूंच्या चेहऱ्यावरून हात फिरवतानाचा तिचा फोटो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. म्हणजे आपल्याला पंपाजवळची मुलगी पाठ आहे, लेखिका ठाऊक नाही. त्या लेखिकेबद्दल आज बोलायचंय, आणि त्यासाठी तिच्या एका मित्राचं बोट धरायचंय. मार्क ट्वेनचं.

दोघांची पहिली भेट न्यूयॉर्कमध्ये, लॉरेन्स हटन या लेखक-संपादकाच्या घरी झाली. ती चौदा वर्षांची, तो साठीला टेकलेला. त्याचं तेव्हा दिवाळं निघालेलं होतं. कर्ज फेडायला त्याने जगभर व्याख्यानांचा दौरा काढला, त्यातच जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईला आला आणि काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात उतरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, तो इंग्लंडमध्ये असताना, त्याची थोरली मुलगी सूझी मेंदूज्वराने गेली. चोवीस वर्षांची. शेवटी शेवटी तिची दृष्टी गेली होती. घरातल्या जुन्या कामवालीच्या चेहऱ्यावर हात ठेवून ती "आई" म्हणाली, असं ट्वेनने पुढे लिहून ठेवलं आहे.

यानंतर तीनच महिन्यांनी, नोव्हेंबर १८९६ मध्ये, त्याने लंडनहून आपले मित्र हेन्री रॉजर्स यांच्या पत्नीला पत्र लिहिलं. रॉजर्स म्हणजे स्टँडर्ड ऑइलमधलं बडं प्रस्थ. हेलनचं शिक्षण पैशावाचून अडता कामा नये, तुमच्या यजमानांना सांगा, असा पत्राचा मतलब. स्वतः कर्जात बुडालेला माणूस दुसऱ्याच्या मुलीसाठी शब्द टाकत होता. सूझीच्या दुःखातूनच हे पत्र आलं असं मी म्हणणार नाही. हेलनला तो आधीपासून ओळखत होता, आणि माणसाच्या मनाचे हिशेब इतके सरळ नसतात. रॉजर्सनी मदत केली. हेलन रॅडक्लिफ कॉलेजात गेली, १९०४ मध्ये पदवीधर झाली.

इथपर्यंत ही उपकाराची गोष्ट आहे. मैत्रीचा खरा कागद मात्र दुसराच आहे. १७ मार्च १९०३ चं ट्वेनचं हेलनला लिहिलेलं पत्र. ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

१८९१ मध्ये, अकरा वर्षांची असताना, हेलनने 'द फ्रॉस्ट किंग' नावाची एक छोटी गोष्ट लिहिली आणि बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेचे प्रमुख अ‍ॅनाग्नोस यांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. त्यांनी कौतुकाने छापली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की ही तर मार्गारेट कॅनबी या लेखिकेची गोष्ट! प्रसंग तेच, कितीतरी वाक्यंही तीच. चौकशीत कळलं की तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ती गोष्ट कुणीतरी हेलनच्या हातावर अक्षरं करून वाचून दाखवली होती. हेलनला त्याची आठवणच नव्हती. मग शाळेत आठ जणांची समिती बसली. बाईंना बाहेर जायला सांगितलं आणि त्या मुलीची उलटतपासणी झाली. मतं चार विरुद्ध चार. अ‍ॅनाग्नोस यांच्या मताने ती सुटली, पण पुढे त्यांचंही मन फिरलं. हेलनने नंतर लिहिलंय की आपण लिहितोय ते आपलं की दुसऱ्याचं, ही धास्ती तिला फार काळ छळत राहिली.

आता यातलं तत्त्वज्ञान बघा. माझा धंदा तोच होता, सवय जात नाही. तुम्ही-आम्ही वाचलेलं आणि जगलेलं वेगळं कसं ठेवतो? पुस्तकाचं मुखपृष्ठ आठवतं, कुठल्या खुर्चीत बसून वाचलं ते आठवतं, सांगणाऱ्याचा आवाज आठवतो. या खुणांवरून आपण म्हणतो, हे अमक्याचं, हे माझं. हेलनला स्पर्श होता, वास होता, चव होती. पण शब्द? शिक्षिकेचं बोलणं, आईचं पत्र, परीकथा, भूगोल, बहुतेक सगळं त्याच एका दाराने आत यायचं. तळहातावरची अक्षरं किंवा उठावाचे ठिपके. आत आल्यावर कुठलं कुणाचं हे ओळखायच्या खुणा फार थोड्या. समितीने जी तपासली ती एका मुलीची स्मरणशक्ती होती, आणि निकाल दिला तिच्या नीतीवर. हा घोटाळा आहे.

१९०३ मध्ये हेलनचं आत्मचरित्र आलं. त्यात हा प्रसंग तिने स्वतःच सांगितला आहे. तो वाचून ट्वेन भडकला. त्या परीक्षकांना त्याने पत्रात चक्क गाढवांच्या पंक्तीला बसवलं. मग म्हणाला, अगं, सगळं बोलणं, सगळं लिहिणं उसनंच असतं. एखादं यंत्र हजार माणसांच्या डोक्यातून निघतं आणि शेवटच्या माणसाला श्रेय मिळतं. पुढे स्वतःची चोरी सांगितली. त्याच्या 'दि इनोसंट्स अब्रॉड' या पुस्तकाची अर्पणपत्रिका ऑलिव्हर वेंडेल होम्स या कवीकडून त्याने नकळत उचलली होती. हवाई बेटांवर असताना होम्सच्या कविता त्याने वाचल्या होत्या, आणि अर्पणपत्रिका आपलीच समजून छापली होती. होम्सने ते हसण्यावारी नेलं.

या पत्रात कीव नावालाही नाही. 'तू आंधळी-बहिरी, तुला माफ' असं तो कुठे म्हणत नाही. आपण दोघं एकाच गुन्ह्यातले, असं म्हणतो. लेखक लेखकाशी बोलतो तसं. हेलननेही पुढे 'मिडस्ट्रीम' या पुस्तकात त्याच्यावर प्रकरण लिहिलं. इतर लोक तिला नवलाची वस्तू समजत. अडचणींतून वाट काढणारी बाई म्हणून त्याने वागवलं, याची तिला फार किंमत होती.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. सगळं जग व्यासांचं उष्टं, असं आपण म्हणत आलोय. ज्ञानेश्वर सांगतात की मी व्यासांच्या मागावर, भाष्यकारांना वाट विचारत आलो. तुकोबा स्वतःच्या बोलाला संतांचं उष्टं म्हणतात. त्यांना कुणी समितीपुढे उभं केलं नाही. (टाळ्या)

पण थांबा. टाळ्यांनी ट्वेनला सोडून द्यायचं नाही. सगळं उसनं असेल तर मग मालकी कुणाची? हाच ट्वेन डिसेंबर १९०६ मध्ये पांढरा सूट घालून अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे गेला आणि लेखकाचा हक्क जास्त वर्षं टिकावा म्हणून भांडला. म्हणजे हेलनला सांगताना शब्द सगळ्यांचे, आणि मानधनाची वेळ आली की माझे? मला वाटतं, पत्रात त्याने दोन प्रश्न एकत्र केले. शब्द आले कुठून, हा एक. त्यांची जबाबदारी आणि मोबदला कुणाचा, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सगळ्यांना सारखं आहे. दुसऱ्यासाठी कायदा लागतो, आणि तिथे जाणूनबुजून केलेली चोरी चोरीच असते. मित्राला धीर देताना माणूस असं ओढूनताणून बोलतो. ते समजून घ्यावं, पण सिद्धांत म्हणून स्वीकारू नये.

त्याच १९०३ मध्ये अमेरिकेतल्या एका साप्ताहिकाच्या परीक्षकाने वेगळाच आरोप केला. या बाईचं ज्ञान सगळं ऐकीव, तरी डोळ्यांनी पाहिल्यासारखं लिहिते! आता सांगा, रँडवर गोळी झाडली गेली ती गणेशखिंडीच्या रस्त्यावर, १८९७ मध्ये. आपल्यापैकी कोण तिथे होतं? पण पुण्यात कुणालाही विचारा, पाहिल्यासारखं सांगेल. हेलनने १९०८ च्या 'द वर्ल्ड आय लिव्ह इन' मध्ये या आक्षेपाला सविस्तर उत्तर दिलं आहे. माझ्या मते तिचं सर्वांत विचारी पुस्तक तेच.

हा आक्षेप मला परका नाही, कारण मीही तो घेतलेला आहे. तीसेक वर्षांपूर्वी मी सौंदर्यशास्त्र शिकवत असे. वर्गात एक अंध विद्यार्थिनी होती. तिने लेखनिकाकडून निबंध लिहून दिला, त्यात टेकडीवरच्या मावळत्या उन्हाच्या रंगांचं वर्णन होतं. छान होतं. मी शेरा मारला, 'स्वानुभव नाही', आणि वीसपैकी नऊ गुण दिले. ती भेटायला आली. शांतपणे म्हणाली, "सर, तुम्ही शांकरभाष्य शिकवता तेव्हा ब्रह्म पाहिलेलं असतं का?" मला उत्तर सुचलं नाही. गुण मी बदलले नाहीत. नियमात बसत नाही, असं स्वतःला सांगितलं. तसा नियम नव्हता. ट्वेनचं पत्र मी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी वाचलं, आणि गाढवांच्या पंक्तीत माझं पान मला स्पष्ट दिसलं.

आता ट्वेनचा दुसरा दोष. अ‍ॅन सलिव्हनला 'चमत्कार घडवणारी' हे विशेषण त्याने दिलं. हेलन आणि बाई मिळून एक पूर्ण माणूस होतं, असंही तो म्हणाला. बाईंचा मान म्हणून हे ठीक, पण त्यात हेलन अर्धीच राहते ना? पुढे त्याचेच शब्द १९५९ च्या विल्यम गिब्सनच्या नाटकाचं नाव झाले. ते नाटक पंपाशीच संपतं. त्याचा सिनेमा निघाला, आणि ती कथा फिरत फिरत आपल्या 'ब्लॅक' पर्यंत आली. ज्याने तिला लेखिका मानलं, त्याच्याच शब्दांनी लेखिका झाकली गेली.

शेवटची भेट. जानेवारी १९०९, ट्वेनचं कनेक्टिकटमधलं घर, स्टॉर्मफील्ड. हेलन, अ‍ॅन आणि अ‍ॅनचे पती जॉन मेसी मुक्कामाला गेले होते. तिथे त्याने स्वतःची 'ईव्हज डायरी' तिला वाचून दाखवली. ती बोटं त्याच्या ओठांवर ठेवून ऐकत होती. ती कथा संपते ईव्हच्या थडग्यापाशी, आदमच्या बोलण्यावर. ट्वेनची पत्नी १९०४ मध्ये गेली होती, कथा त्यानंतरची. म्हणजे एक विधुर म्हातारा आपल्या दुःखाचे शब्द उच्चारतोय आणि ते शब्द एका तरुण लेखिकेच्या बोटांवर उमटतायत. याला ऐकीव म्हणायचं? पुढच्या वर्षी, २१ एप्रिल १९१० रोजी, तो गेला.

आपल्या कोथरूडमध्ये गांधी भवनाच्या बाजूला अंध मुलींची शाळा आहे. तिथल्या मुली निबंध लिहितात, पुढे कॉलेजात जातात, लेखनिक घेऊन परीक्षा देतात. त्यांनी चंद्राबद्दल लिहिलं तर आपण काय विचारणार? 'हे तुला कुणी सांगितलं?' असं विचारणार असू, तर तो प्रश्न डोळस मुलांनाही विचारा, आणि मलाही. नाहीतर एवढंच बघा की वाक्य नीट उभं राहिलंय का आणि सांगायचं ते सांगतंय का.

ती विद्यार्थिनी पुढे काय झाली मला ठाऊक नाही. हे व्याख्यान नेटवर जाणार आहे म्हणतात. तिच्या कानावर पडलं तर, बाई, वीसपैकी सोळा.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, फक्त जरा मोठ्याने. माझंही ऐकणं आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही.