वारसा आणि वैधता : ‘टेम्प्लेट मेथड’ची एक मर्यादा

वस्तुकेंद्री प्रोग्रॅमिंगमध्ये मूळ वर्गाने घालून दिलेली तपासणी त्याच्या सर्व उपवर्गांनी पाळावी, ही अपेक्षा स्वाभाविक होय. उचलावयाची रक्कम शून्याहून अधिक असावी, असा नियम ‘खाते’ या वर्गाने केला, तर ‘बचत खाते’ वा ‘चालू खाते’ यांना त्यातून सूट मिळण्याचे कारण नाही. परंतु उपवर्ग एखादी मेथड नव्याने लिहितो, तेव्हा मूळ मेथडमधील तपासणी आपोआप चालत नाही. जावासारख्या भाषेत ‘सुपर’ या शब्दाने तिला मुद्दाम पाचारण करावे लागते. म्हणजे जो नियम म्हणून सांगितला, तो प्रत्यक्षात उपवर्गाच्या लेखकाच्या स्मरणावर सोपविलेला शिष्टाचार ठरतो.

यावर उपाय म्हणून गॅमा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडिस यांच्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ (१९९४) या ग्रंथातील ‘टेम्प्लेट मेथड’ ही रचना शिकविली जाते. मूळ वर्गातील मेथड प्रथम सामान्य तपासणी करते आणि मग उपवर्गासाठी मोकळ्या ठेवलेल्या दुसऱ्या मेथडला बोलाविते. पहिलीला ‘फायनल’ हे विशेषण लाविले की तिचे पुनर्लेखन जावाचा कंपायलरच नाकारतो. रचना निःसंशय उपयुक्त आहे. तथापि तिच्याकडून जेवढे अपेक्षिले जाते, तेवढे ती देत नाही. ‘बचत खात्या’ने मोकळ्या मेथडमध्ये किमान शिलकेची तपासणी लिहिली आणि पुढे ‘विद्यार्थी बचत खात्या’ने तीच मेथड नव्याने लिहिली, तर आजोबांचा नियम टिकतो, वडिलांचा मात्र सुटतो. संरक्षण एकाच पिढीचे होते. प्रत्येक पिढीने आपली मेथड ‘फायनल’ करून पुढच्या पिढीसाठी नवी मोकळी मेथड द्यावी, हा तोडगा संभवतो. पण तोही अखेर स्मरणावरच विसंबतो.

हा दोष अटळ नव्हता. डाल व न्यूगोर यांच्या सिम्युला ६७ या भाषेत ‘इनर’ हा शब्द होता. मूळ वर्गाचा कार्यभाग आधी चालावा आणि ‘इनर’ जेथे लिहिले असेल तेथे उपवर्गाला वाव मिळावा, अशी ती योजना होती. पुढे बीटा या भाषेने तीच कल्पना मेथडच्या ठिकाणीही आणली. तेथे अधिकार पिढीगणिक वरून खाली येतो. ‘सुपर’च्या पद्धतीत तो खालच्याच्या मर्जीवर राहतो. बर्ट्रांड मेयर यांच्या आयफेल भाषेत वर्गाची नित्य अट तिच्या सर्व पूर्वजांच्या अटींशी ‘आणि’ने जोडली जाते, उपवर्गाला तीत भर घालता येते, वजाबाकी करता येत नाही. मात्र या अटींची चालत्या प्रोग्रॅममधील तपासणी बंदही ठेवता येते, हे विसरता कामा नये.

यंत्रणेच्या पलीकडे आणखी एक प्रश्न उरतो. लिस्कोव्ह व विंग यांनी १९९४ साली मांडलेल्या कसोटीनुसार उपवर्गाने मेथड बोलाविणाऱ्याकडून मूळ वर्गापेक्षा अधिक काही मागू नये. मग किमान शिलकेसाठी ‘बचत खात्या’ने रक्कम नाकारणे कितपत रास्त? ‘खाते’ या वर्गानेच ‘व्यवहार नाकारला जाऊ शकेल’ असे आधी सांगितले असेल, तरच ते रास्त. अन्यथा तपासणी कितीही काटेकोर असली, तरी मूळ वर्गावर विसंबून लिहिलेला प्रोग्रॅम फसतो.

सारांश, तपासणी कोठे लिहावी हा दुय्यम प्रश्न होय. मूळ वर्गाने वचन कोणते दिले आहे, हे प्रथम ठरले पाहिजे. आणि ‘टेम्प्लेट मेथड’ शिकविताना तिची एका पिढीची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे.